पूर्वाच्या वह्या

२ जुलै

शाळा उघडून चार दिवस झाले. पूर्वा दहावीत गेली. गांधीबागेच्या बाजारातून आणलेल्या नव्या वह्यांना आज ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत खाकी कव्हरं घातली, नावं टाकली. कु. पूर्वा ठवकर, इ. १० वी, तु. ब. सात वह्या, सात वेळा. सगळी तिच्या अक्षरात. म्हणजे मी तिच्यासाठी बसवलेल्या अक्षरात. थोडं गोल, डावीकडे जरासं कललेलं. माझं स्वतःचं सरळ आहे.

निखाडे समोरच्या टेबलावर डबा खात पाहत होता. "काय गा ठवकर, दहावी कोण देऊन राहिलं? पोरगी का तू?"

हसलो. ती पाचवीत होती तेव्हापासून हसून राहिलो यावर.

इतिहासाचा पहिला धडा उतरवून झाला. घरी आल्यावर पू.ला त्यातलं विचारलं तर पुस्तक न पाहता अख्खा धडा सांगितला, वर चार गोष्टी जास्तीच्या. बोलायला लागली की वकील. पेन हातात दिला की गप्प.

५ जुलै

पू.ला घेऊन सक्करदऱ्याला, थेरपीच्या मॅडमकडे. आठवड्यातून दोनदा जातो. मार्चमध्ये यांनीच पहिल्यांदा तो शब्द सांगितला. डिस्प्रॅक्सिया. काय करायचं ते डोक्याला पक्कं माहीत, पण हाताला-पायाला ते त्याच क्रमानं पोचत नाही. जन्मापासूनचं आहे म्हणाल्या.

चौदा वर्षं आम्ही धांदरट म्हणून राहिलो. बुटाची लेस येत नाही, वेणी येत नाही, कंपास हातातून सुटतो, दारातून जाताना खांदा आपटते. तिची आई, सु., दिवसातून दहादा, "पाय पाहून टाक नं वं!" मी वेगळं काय म्हणायचो? तेच.

आज मॅडम म्हणाल्या, "ठवकरभाऊ, बोर्डाच्या परीक्षेत हिला जास्तीचा वेळ मिळू शकते, रायटर मिळू शकतो. सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र लागेल. आत्ताच सुरुवात करा." नववीच्या वार्षिकात पू.चे सगळे पेपर अर्धे कोरे होते. घंटा व्हायची तेव्हा ही दुसऱ्या प्रश्नावर. काठावर पास केलं. दहावीत काठावर कोणी ठेवत नाही.

यादी दिली. आधार कार्ड, फोटो, शाळेचा अहवाल, मागच्या तीन वर्षांच्या वह्या.

यादीतलं शेवटचं मी नीट वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं.

११ जुलै

सुट्टी टाकली. सरकारी दवाखाना. पिशवीत सातवी, आठवी, नववीच्या वह्या. रांगेत पू. माझ्या शेजारी, बुटाची लेस सुटलेली. खाली बसून बांधली. एका बाईनं पाहिलं, मग पू.च्या उंचीकडे पाहिलं.

डॉक्टर तरुण होता, चांगला वागला. तिला एका पायावर उभं केलं, मणी ओवायला दिले, एक आकृती काढायला सांगितली. मग वह्या मागितल्या. विज्ञानाची उघडली. मग मराठीची. मग भूगोलाची.

"अक्षर तर सुंदर आहे हिचं."

पू.नं माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे पाहत होतो.

डॉक्टर म्हणाले, "बाकी गोष्टी दिसतात, पण लेखनात अडचण आहे असं या वह्यांवरून मी कसं लिहू? शाळेचा सविस्तर अहवाल आणा, मग पाहू." कागदावर तेच लिहिलं. पुढची तारीख सप्टेंबरची.

ऑटोत पू. म्हणाली, "बाबा, भूक लागली."

१२ जुलै

सु.नं विचारलं, "सांगितलं काहून नाही तुम्ही त्याले?"

माहीत नाही. तोंड उघडलंच नाही. आज दिवसभर आवक-जावक रजिस्टर भरलं, एक चूक नाही. वाईट वाटायला पाहिजे होतं. हाताला मुंग्या येतात तसं सगळं झालं आहे, दाबलं तरी कळत नाही.

सुरुवात कशी झाली ते आठवून पाहिलं. पाचवीत तिच्या तेव्हाच्या बाईंनी विज्ञानाची पानं फाडली, परत लिहून आण म्हणाल्या. पू. रोज सकाळी उलट्या करायला लागली. एक दिवस मी म्हटलं, दे इकडे, एवढं पान मी लिहितो. दुसऱ्या दिवशी पोरीनं पोहे खाल्ले, दोनदा मागून घेतले. सु. मला स्वयंपाकघरातून खुणेनं दाखवत होती, पाहा, खाऊन राहिली. मग कोण थांबवणार होतं?

माझं अक्षर ऑफिसात प्रसिद्ध. कोणी रिटायर झालं की मानपत्र मीच लिहितो. कोणी तरी म्हणतंच, वा ठवकर! पू.च्या वहीवर "छान" यायचं तेव्हाही मला तसंच वाटायचं. लिहून ठेवतो, नाहीतर हेही विसरून जाईन.

१५ जुलै

शाळेत. वर्गशिक्षिका भोयर मॅडम, नववीतही त्याच होत्या. अहवाल मागितला.

"लिहून देते नं. पण काय लिहू? वहीत मोत्यासारखं अक्षर अन् पेपरात कोंबडी नाचल्यावाणी. घरी येते, वर्गात येत नाही, म्हणजे पोरगी मनावर घेत नाही असंच वाटते पाहणाऱ्याले."

हो म्हणालो. हो!

घरी येऊन जुनी प्रगतिपुस्तकं काढली. सातवी: "निष्काळजी. घरी लिहिते तसे परीक्षेत लिहावे." आठवी: "आळस सोडल्यास प्रगती करेल." नववी: "क्षमता आहे, इच्छा नाही." प्रत्येकाखाली पालकाची सही. माझी. झोकदार, खाली दोन टिंबं.

शाळेला आळस दिसला तो माझ्या वह्यांमुळे. वह्या वाईट असत्या तर कोणी तरी तीन-चार वर्षं आधी विचारलं असतं, हिला होतं काय म्हणून. हे साधं गणित मला पंचेचाळिसाव्या वर्षी ही प्रगतिपुस्तकं समोर घेऊन सुटलं.

त्या शेऱ्यांवर मी तिला बोललोही होतो. आठवीच्या निकालाला तर फारच बोललो. तेव्हा ती म्हणाली होती, "हाव बाबा, पुढच्या वेळी." एवढंच म्हणाली होती.

१६ जुलै

निखाडेला सांगितलं. पोळी मोडता मोडता म्हणाला, "लेखी देऊ नको काही. तोंडी काय बोलायचं ते बोल. आपण कागदाची माणसं आहो गा, तुले सांगायला पाहिजे का? कागद झाला की तो फिरते."

बरोबर आहे. वीस वर्षं मीही लोकांना हेच सांगतो.

२१ जुलै

एक उपाय सुचला. काम सुरू केलं.

पू.चे जुने चाचणी पेपर समोर ठेवले आणि तिचं खरं अक्षर बसवायला घेतलं. ओळ चढते, मध्येच उतरते. शब्दांमध्ये जागा कुठे जास्त, कुठे नाहीच. दाबून लिहिते, पान मागून टोचतं. काना सुटतो. दोन दिवसांच्या जेवणाच्या सुट्टीत आठवीची विज्ञानाची नवी वही अर्धी तयार. अजून दोन वह्या केल्या की दवाखान्यात दाखवता येतील. डबा न खाता परत आणला, सु. रागावली.

निखाडे येऊन पाहून गेला.

२३ जुलै

पू.ला ती वही सापडली. माझ्या ऑफिसच्या पिशवीत छत्री शोधत होती.

चटईवर बसून तिनं पानं उलटली. मी सांगून राहिलो, दवाखान्यासाठी आहे, खरंच तर आहे, तुझं अक्षर असंच नाही का, खोटं काय त्यात.

"माझं असं नाही," ती म्हणाली. "मी खोडते नं बाबा. यात कुठी खोडलंच नाही."

मग, "चांगलं तुम्ही लिहिलं. आता वाईट पण तुम्हीच लिहिणार काय?"

ओरडली नाही. वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली आणि आत गेली. जाताना दाराला खांदा लागला.

सु. दारात उभी होती. "ऐकलं नं?" म्हणाली. ऐकलं.

२४ जुलै

ऑफिसात सुट्टीत वरण-भात खाल्ला. ती वही कचऱ्याच्या डब्यात टाकली, मग काढली, फाडली, परत टाकली.

२७ जुलै

लकडगंजला गेलो. थेरपीच्या मॅडमनी उतरती फळी सांगितली होती, लिहायला, टेबलावर ठेवायची. मार्चपासून राहून गेलं होतं. वह्या पूर्ण होत होत्या, मग फळी कोणाला पाहिजे होती. सुतारानं विचारलं, "कायले पाहिजे, मुनीमजीवाणी बसायले?" पोरीसाठी म्हटलं तर कडा चांगल्या घासून दिल्या. हाताला लागू नये म्हणून.

पू.नं फळीवर मराठीचं एक पान लिहायला घेतलं. मी मागे खुर्चीवर. पाऊण तास. नऊ ओळी. मानेला घाम. एका ओळीत तीनदा खोडलं. माझा हात दोनदा पुढे गेला, आपोआप. सु.नं मला बाजारात पाठवून दिलं.

३१ जुलै

शाळेत पुन्हा. भोयर मॅडमची वेळ घ्यायला गेलो, त्या तासावर होत्या. व्हरांड्यात थांबलो. मोठ्या जिन्याजवळच्या फळ्यावर "सुंदर हस्ताक्षर" म्हणून पाच-सहा पानं टाचलेली. मधलं पान पू.चं. नववीचा निबंध. प्लास्टिक लावलेलं, कोपरे पिवळे पडलेले. म्हणजे मागच्या वर्षापासून आहे.

चांगलं लिहिलं आहे. हे पहिलं मनात आलं, खोटं काहून लिहू.

घरी पू.ला विचारलं, तू सांगितलं नाही कधी?

"मी तिकडून जातच नाही. मागच्या जिन्यानं जाते."

मागच्या जिन्याला कठडा नाही. फेब्रुवारीत ती तिथेच पडली होती. मनगट तीन आठवडे प्लास्टरमध्ये. तेव्हा मी मुख्याध्यापिकांसमोर म्हणालो होतो, पोरीचं लक्ष नसते, तुमची काही चूक नाही.

"तिकडून काहून जात नाही?"

"पोरी म्हणतात, लिहून दाखव नं वं असं. फळ्यावर लिहून दाखव."

आज वाटलं काहीतरी. दाबलं तर कळलं.

४ ऑगस्ट

भोयर मॅडमना सांगितलं. शिक्षकांच्या खोलीत, एका दमात. पाचवीपासूनच्या सगळ्या वह्या मी लिहिल्या. सगळ्या.

त्यांनी पेनचं टोपण लावलं. काढलं. लावलं.

"मले नववीच्या दुसऱ्याच महिन्यात समजलं होतं भाऊ."

मी खुर्ची पुढे ओढली.

"वर्गात पाहते नं मी तिले. एक ओळ लिहायले जीव जाते पोरीचा. अन् दुसऱ्या दिवशी वही अशी. कोणाले समजणार नाही? पण वही पूर्ण असली की तपासणीत कोणी काही विचारत नाही. साठ पोरं आहेत. मी सही करत गेली."

"अन् प्रगतिपुस्तकात 'इच्छा नाही' लिहिलं," मी म्हणालो. आवाज चढला नाही, पण म्हणालो.

"लिहिलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही पण सही केली."

शिपाई चहा ठेवून गेला. चहा प्यायलो, चांगला होता.

अहवाल खरा लिहीन म्हणाल्या. पण मुख्याध्यापिकांना सांगावं लागेल, नववीचे अंतर्गत गुण त्याच वह्यांवर दिलेले आहेत, त्यांच्यावरही येईल, माझ्यावरही. मी म्हटलं, येऊ द्या. माझ्या लेखी कबुलीची गरज पडेल म्हणाल्या. निखाडे आठवला. देतो म्हणालो.

७ ऑगस्ट

मुख्याध्यापिकांची खोली. त्या, भोयर मॅडम, मी, पू.

"उद्या कोणी म्हणेल, सवलतीसाठी कहाणी रचली," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "माझ्यासमोर लिहा. दोघंही. एकच उतारा."

दोन कागद दिले. भूगोलाचं पुस्तक मध्ये उघडं. पू.नं फळी आणली होती दप्तरात, ती मांडीवर घेतली.

मी लिहायला लागलो. गोल, डावीकडे कललेलं. चार-पाच मिनिटांत पान भरलं. मध्ये एक वेलांटी ओझरती आली तर थांबून नीट केली. काय सिद्ध करायला बसलो होतो आणि वेलांटी सुधारून राहिलो होतो! मुख्याध्यापिकांनी कागद उचलला, पिशवीतल्या वहीशेजारी धरला. "अरे बापरे," एवढंच म्हणाल्या.

पू. तिसऱ्या शब्दावर होती.

आम्ही तिघं मोठी माणसं तिला पाहत बसलो. कागद सरकला, तिनं कोपरानं दाबला. पेन पडला, उचलला. खोडलं. घंटा झाली, पोरं व्हरांड्यातून धावली. मुख्याध्यापिकांनी घड्याळ पाहिलं, म्हणाल्या, "पुरे बेटा, समजलं."

"झालं नाही मॅडम," पू. म्हणाली. लिहीत राहिली.

तीन ओळी. पूर्ण केल्या, खाली नाव टाकलं. पू-चा उकार पुढच्या अक्षराखाली गेला होता. मी माझे हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

मुख्याध्यापिका भोयर मॅडमना, "हे असंच पाठवायचं?"

"असंच," मॅडम म्हणाल्या.

कबुली तिथेच लिहून दिली. माझ्या सरळ अक्षरात. बऱ्याच दिवसांनी त्यात लिहिलं असं वाटलं, पण ऑफिसात तर रोज लिहितो.

८ ऑगस्ट

निखाडे: "दिलं लेखी?"

"दिलं."

"धन्य आहे गा तू." डब्यातलं वांग्याचं भरीत माझ्याकडे सरकवलं.

सुट्टीत पाऊण तास रिकामा. हाताला काम नाही. रबरी शिक्क्यांची तारीख बदलली, सगळ्यांची.

२५ ऑगस्ट

परवा पोळा झाला, काल तान्हा पोळा. गल्लीतली लहान पोरं लाकडी नंदी सजवून ओढत होती. आमचा माळ्यावर आहे, एक चाक निखळलेलं. पू. सहा वर्षांची होती तेव्हाचा. दोरी तिच्या पायात यायची, नंदी कोलमडायचा, लोक हसायचे. शेवटी नंदी मी उचलला, ती माझ्या मागून चालली. घरोघरी सगळे म्हणाले, वा, छान सजवला. बक्षिसाचा डबाही मिळाला होता.

पू.ला आठवते का विचारलं. "हाव. मले ओढायचा होता," म्हणाली. तेव्हा बोलली नव्हती. की बोलली होती, मी ऐकलं नव्हतं.

सु.नं पुरणपोळी वाढली. खाल्ली.

३ सप्टें.

भोयर मॅडमचा अहवाल मिळाला. चार पानं. "वर्गातील लेखन अत्यंत कष्टाचे. तोंडी उत्तरे वर्गात सर्वांत चांगली. वह्या पालकांनी लिहिल्या, ही बाब शिक्षिका म्हणून मी दुर्लक्षित केली." शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. बाईनं लेखी दिलं.

अंतर्गत गुणांचं काय ते ठरलं नाही. मुख्याध्यापिका वर विचारणार आहेत. सगळे गुण काढून घेतले तर काय, ते मी अजून सु.ला सांगितलं नाही.

१० सप्टें.

दवाखाना. तोच डॉक्टर. यावेळी मी वह्या पुढे करण्याआधी बोललो. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. माझा, पू.चा. बराच वेळ पाहिले.

"हे आधीच सांगायला पाहिजे होतं."

"हो."

पू.ला विचारलं, तुला काय पाहिजे, रायटर की जास्तीचा वेळ? मला वाटलं रायटर म्हणेल. मी तर खालच्या वर्गातली पोरगी कोण मिळेल तेही विचारून ठेवलं होतं.

"वेळ," पू. म्हणाली. "वेळ मिळाला तं मी लिहिते."

डॉक्टर म्हणाले, पुरेल का? लहान नाही पेपर बोर्डाचा. रायटरनं जास्त मार्क मिळतील. पू. म्हणाली, विचार करून सांगू का? ते हो म्हणाले. फाइल समितीपुढे जाणार. कधी ते सांगितलं नाही. मिळेल की नाही तेही नाही.

ऑटोत मी समजावत होतो, रायटर घे, डोकं तुझंच राहते, बोलशील तू, लिहील ती, नियमात आहे, लाजायचं काही नाही. सगळं खरं आहे. अजूनही मला तसंच वाटतं. ती बाहेर पाहत होती. "पाहू नं बाबा," म्हणाली.

१८ सप्टें.

भूगोलाच्या वह्यांची तपासणी होती. पू.चे तीन धडे पूर्ण, चौथा अर्धा. पुढे कोरं. सोमवारी रात्रीपासून ती वही टेबलावर होती, मी शेजारून दहा वेळा गेलो. उघडली नाही. आज सकाळी तिनं तशीच दप्तरात टाकली.

शाळा सुटायच्या वेळी घ्यायला गेलो. फाटकातून मोठा जिना दिसतो. पोरी उतरून राहिल्या होत्या, मागून पू., कठडा धरून, एकेक पायरी. तिकडून येताना पहिल्यांदा पाहिलं. ते पान फळ्यावर अजून आहे का, विचारलं नाही.

घरी येऊन डबा धुवायला टाकला आणि वही माझ्यापुढे ठेवली. "सही पाहिजे."

उघडली. ओळी चढलेल्या, उतरलेल्या. खोडलेलं. नकाशात नद्या भलतीकडे गेलेल्या, पण नावं सगळी बरोबर. चौथ्या धड्याच्या मध्येच संपलेलं. त्याखाली लाल पेननं भोयर मॅडमचा शेरा: "वही अपूर्ण."

पाच वर्षांत पहिल्यांदा.

"बाबा, करा नं," पू. म्हणाली. "उद्या दाखवायची आहे."

शेऱ्याखाली सही केली. पेन तिचा होता, तिला परत दिला.